आठ पेशींचा टप्पा : भ्रूणपक्ष आणि पेशीपक्ष

स्त्रीबीजाचे फलन झाले की त्या एका पेशीत आई आणि वडील या दोघांकडून आलेला जनुकसंच पूर्ण होतो. प्रथिने घडवण्याची माहिती असलेली सुमारे २०,००० जनुके त्यात असतात. तरीही पहिले दोन-तीन दिवस भ्रूण त्यांचा फारसा वापर करत नाही. एका पेशीच्या दोन होतात, दोनाच्या चार होतात, आणि हे काम स्त्रीबीज अंडाशयात वाढत असताना त्यात साठलेल्या आरएनएवर आणि प्रथिनांवर चालते. तिसऱ्या दिवशी भ्रूण आठ पेशींचे होते. त्या सुमारास त्याची स्वतःची जनुके मोठ्या संख्येने कामाला लागतात. चौथ्या दिवशी पेशी एकमेकींना घट्ट बिलगून त्यांचा गोळा बनतो, पाचव्या-सहाव्या दिवशी आत पोकळी धरून ब्लास्टोसिस्ट तयार होते आणि सातव्या दिवसाच्या आसपास ते गर्भाशयाच्या अस्तरात रुजू लागते.

जनुक कामाला लागते तेव्हा त्यातील माहितीची आरएनए प्रत निघते आणि बहुधा त्या प्रतीवरून प्रथिन बनते. शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशीत सगळी जनुके असतात, पण प्रती ठरावीक जनुकांच्याच निघतात. यकृताची पेशी यकृताची राहते ती यामुळेच. कोवळ्या भ्रूणाबाबतचा प्रश्न याच्याही आधीचा आहे. जिथे प्रती काढण्याचे काम जवळजवळ बंद होते, तिथे पहिली प्रत केव्हा निघते आणि कोणाच्या आदेशाने निघते?

याचे उत्तर शोधण्याचे दोन मार्ग आहेत. एक मार्ग वंध्यत्वाच्या उपचारांतून उरलेली आणि जोडप्यांनी संशोधनासाठी दिलेली भ्रूणे तपासण्याचा. दुसरा मार्ग प्रयोगशाळेत वाढवलेल्या मूलपेशी तपासण्याचा. कोलकात्यात बालीगंज सर्क्युलर रोडवर कलकत्ता विद्यापीठाचे, बॅरिस्टर तारकनाथ पालित यांच्या नावाचे विज्ञान-आवार आहे. तिथे प्राणिशास्त्र, जीवरसायनशास्त्र आणि जनुकशास्त्र हे विभाग एकाच कुंपणात नांदतात. भ्रूणशास्त्र परंपरेने प्राणिशास्त्राचे, तर जनुके आणि पेशी बाकीच्या दोघांच्या. या विषयातील मतभेदही साधारण याच रेषेवर पडतात. पुढील संवादात भ्रूणपक्ष आणि पेशीपक्ष या त्या दोन भूमिका आहेत. संवादाला कोलकात्याचा आणखी एक आधार आहे : १९७८ मध्ये याच शहरात आठ पेशींचे मानवी भ्रूण गोठवले गेले आणि त्यातून मूल जन्माला आले.

आईची शिदोरी

भ्रूणपक्ष : विषयाची सुरुवात स्त्रीबीजापासून करायला हवी. सुमारे एक दशांश मिलिमीटर व्यासाची ही पेशी मानवी शरीरातील सर्वांत मोठ्या पेशींपैकी आहे. वाढीच्या काळात ती हजारो जनुकांच्या प्रती काढून ठेवते आणि पक्व होताना ते काम थांबवते. पहिल्या दिवसांत भ्रूण जगते ते आईने बांधून दिलेल्या या शिदोरीवर. पेशींची संख्या वाढते, भ्रूणाचे एकूण आकारमान मात्र वाढत नाही. आहे तेच द्रव्य लहान-लहान पेशींत वाटले जाते. शिदोरीत उणीव असेल तर पुढचे सगळे अडते. पीएडीआय-६ किंवा टीएलई-६ या जनुकांच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या असलेल्या काही स्त्रियांची भ्रूणे पहिल्या काही विभाजनांतच थांबतात. इथे दोष आईच्या जनुकांत असतो. वडिलांकडून निर्दोष प्रत आली तरी ती वेळेवर उपयोगी पडत नाही. मूलपेशीकडे अशी शिदोरीच नसते, म्हणून हा अध्याय मूलपेशींतून वाचता येणार नाही.

पेशीपक्ष : शिदोरी मान्य आहे. पण ती वेळेवर संपवणेही तितकेच महत्त्वाचे असते. आईकडून आलेल्या आरएनए प्रती ठरलेल्या क्रमाने नष्ट व्हाव्या लागतात. बीटीजी-४ हे प्रथिन त्या प्रतींच्या शेपटीचा भाग कुरतडणाऱ्या यंत्रणेला कामावर जुंपते. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात या जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या स्त्रिया आढळल्या. त्यांच्या स्त्रीबीजांचे फलन होत होते, पण फलित पेशी दुभंगतच नव्हती. आता, प्रती कुरतडणारी ही यंत्रणा यीस्टपासून माणसापर्यंत सर्वत्र आहे आणि ती उलगडली ती पेशींच्या प्रयोगशाळांतच. भ्रूणात काय बिघडले हे कळायला आधी पेशी कशी चालते हे ठाऊक असावे लागते.

भ्रूणपक्ष : यंत्रणा सर्वत्र सारखी असेल, पण तिचे वेळापत्रक प्रत्येक प्राण्यात वेगळे असते. उंदराच्या भ्रूणात जनुकांची मोठी लाट दोन पेशींच्या टप्प्यावर येते, माणसात आठ पेशींच्या. उंदराचे वेळापत्रक माणसाला लावले तर हिशेब पूर्ण एका दिवसाहून अधिक चुकतो.

पहिली प्रत केव्हा निघते

भ्रूणपक्ष : मानवी वेळापत्रकाचा पहिला भक्कम पुरावा १९८८ मध्ये आला. पीटर ब्रॉड, व्हर्जिनिया बोल्टन आणि स्टीफन मूर यांनी 'नेचर'मध्ये तो मांडला. त्यांनी मानवी भ्रूणांना अल्फा-अमॅनिटिन दिले. हे विषारी अळंबीतील द्रव्य आहे आणि ते आरएनए प्रती काढणाऱ्या विकराला रोखते. प्रती बंद पडूनही भ्रूणे चार पेशींच्या आसपास पोहोचत होती, कारण तोवर शिदोरी पुरत होती. त्या पुढे मात्र ती सरकली नाहीत. तयार होणाऱ्या प्रथिनांचा नमुनाही चार ते आठ पेशींच्या दरम्यान बदलत होता. म्हणून भ्रूणाची स्वतःची जनुके या टप्प्यावर कामाला लागतात, असा निष्कर्ष निघाला आणि पाठ्यपुस्तकांत रुजला.

पेशीपक्ष : त्या प्रयोगाला त्याच्या काळातील साधनांची मर्यादा होती. प्रथिनांच्या डागांचा नमुना बदलण्याइतकी मोठी घडामोड तेवढी त्यात दिसू शकत होती. आज एकेका पेशीतील आरएनए वाचता येतो. २०२२ मध्ये बाथ विद्यापीठातील टोनी पेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकपेशीय मानवी भ्रूणे तपासली, तेव्हा शेकडो जनुकांच्या प्रती त्याच टप्प्यावर वाढताना आढळल्या. म्हणजे फलनानंतर काही तासांतच भ्रूणाची जनुके हळूहळू कामाला लागू लागतात. मग आठ पेशींचा टप्पा ही सीमारेषा कशी मानायची?

भ्रूणपक्ष : ही दोन निरीक्षणे एकमेकांना खोडत नाहीत. उंदरातही एका पेशीच्या टप्प्यावर लहान लाट आणि दोन पेशींच्या टप्प्यावर मोठी लाट दिसते. माणसात लहान लाट पहिल्याच दिवशी सुरू होत असेल. भ्रूणाचा कारभार शिदोरीकडून स्वतःच्या जनुकांकडे जातो तो आठ पेशींच्या सुमारास. शिवाय, पहिल्या दिवसाची लाट सापडली तीही भ्रूणे तपासूनच. एकपेशीय भ्रूणाची जागा घेईल अशी मूलपेशी आज नाही.

पेशीपक्ष : हे मान्य. पण अशा अभ्यासांत हाती येणारी भ्रूणे किती थोडी असतात तेही लक्षात घ्या. थोड्या भ्रूणांवरून क्रम कळतो; कारण शोधायचे तर एकच प्रयोग अनेक प्रकारे, अनेकदा करावा लागतो.

कोलकाता, १९७८

आठ पेशींचे भ्रूण हे भारताच्या वैद्यकीय इतिहासातील एका मोठ्या वादाच्याही मध्यभागी आहे. डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांचा जन्म १९३१ मध्ये हजारीबागला झाला. त्यांनी १९५८ मध्ये कलकत्ता विद्यापीठातून आणि १९६७ मध्ये एडिंबरोतून पीएच.डी. मिळवली. जादवपूर विद्यापीठातील शीतजीवशास्त्राचे जाणकार सुनीत मुखर्जी आणि स्त्रीरोगतज्ज्ञ सरोजकांती भट्टाचार्य हे त्यांचे सहकारी होते. बीजनलिका निकामी झालेल्या एका स्त्रीला त्यांनी संप्रेरके देऊन एकाहून अधिक स्त्रीबीजे पक्व करवली, ती योनीमार्गे छेद घेऊन मिळवली आणि शरीराबाहेर त्यांचे फलन केले. तयार झालेले आठ पेशींचे भ्रूण डायमिथाइल सल्फॉक्साइड या द्रव्याच्या संरक्षणात गोठवले. ५३ दिवसांनी ते वितळवून आईच्या गर्भाशयात सोडले. ३ ऑक्टोबर १९७८ रोजी मुलगी जन्मली. ती 'दुर्गा' या नावाने ओळखली गेली. जगातील पहिली टेस्ट ट्यूब बेबी लुईस ब्राऊन इंग्लंडमध्ये २५ जुलै १९७८ रोजी, म्हणजे अवघे सत्तर दिवस आधी, जन्मली होती.

पश्चिम बंगाल सरकारने नेमलेल्या तज्ज्ञ समितीने मुखोपाध्याय यांचा दावा फेटाळला. जपानला जाऊन काम मांडण्याची परवानगी त्यांना मिळाली नाही. पुढे त्यांची बदली नेत्रविज्ञानाच्या संस्थेत करण्यात आली आणि १९८१ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईत केईएम रुग्णालयात हर्षाचा जन्म झाला. डॉ. इंदिरा हिंदुजा आणि परळच्या प्रजननविषयक संशोधन संस्थेचे तत्कालीन संचालक डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या या कामाची नोंद भारतातील पहिली टेस्ट ट्यूब बेबी अशी झाली. १९९७ मध्ये मुखोपाध्याय यांच्या हस्तलिखित नोंदी आनंद कुमार यांच्या हाती आल्या. त्या तपासून त्यांनी 'करंट सायन्स'मध्ये लेख लिहिला आणि पहिलेपणाचा मान मुखोपाध्याय यांचा असल्याचे जाहीर केले. त्यामुळे स्वतःकडे असलेला मान त्यांना सोडावा लागला.

भ्रूणपक्ष : या कामातील जैविक मुद्दा गोठवण्यासाठी निवडलेल्या टप्प्यात आहे. आठ पेशींचे भ्रूण शिदोरीच्या शेवटाला आलेले असते. गोठलेल्या अवस्थेत पेशीतील रासायनिक व्यवहार थांबतात. वितळल्यावर विभाजन पुढे चालू राहायचे तर भ्रूणाची स्वतःची जनुके तत्काळ कामाला लागावी लागतात. दुर्गाचा जन्म झाला, त्यावरून कळते की जनुके कामाला लागण्याच्या ऐन टप्प्यावर मानवी भ्रूण थांबवून पुन्हा चालू करता येते. ऑस्ट्रेलियात गोठवलेल्या भ्रूणापासून बाळ जन्मले ते १९८४ मध्ये.

पेशीपक्ष : जन्मावरून इतकेच कळते की त्या भ्रूणात आवश्यक ते सारे घडले. कोणती जनुके, कोणत्या क्रमाने आणि गोठवण्याचा त्यांवर काय परिणाम झाला, याबद्दल जन्म काहीच सांगत नाही. १९७८ मध्ये ते पाहण्याचे साधनही नव्हते. समितीपुढची खरी अडचणही हीच होती : निष्पत्ती समोर होती, पण मधल्या पायऱ्या दिसत नव्हत्या.

भ्रूणपक्ष : मधल्या पायऱ्या नोंदवहीत होत्या. वाचणारा भेटायला एकोणीस वर्षे लागली. आणि याच तंत्राने पुढे या विषयाला त्याचे साहित्य पुरवले. भ्रूणे गोठवता येऊ लागली म्हणून उपचारांनंतर उरलेली भ्रूणे साठू लागली, आणि जगभरच्या मानवी मूलपेशींच्या पहिल्या वंशावळी अशाच उरलेल्या भ्रूणांपासून निघाल्या.

आदेश कोणाचा

पेशीपक्ष : आता कारणाकडे वळू. २०१७ मध्ये तीन वेगवेगळ्या गटांनी 'नेचर जेनेटिक्स'च्या एकाच अंकात डक्स-४ या जनुकाबद्दल लिहिले. हे जनुक चौथ्या गुणसूत्राच्या टोकाजवळ, एकच मजकूर पुनःपुन्हा येणाऱ्या भागात असते. चार पेशींच्या सुमारास ते थोडा वेळ कामाला लागते आणि लगेच गप्प होते. मूलपेशींत किंवा स्नायूंच्या पेशींत ते मुद्दाम चालू केले, तर एरवी आठ पेशींच्या भ्रूणात दिसणारी झेडस्कॅन-४ सारखी जनुके कामाला लागतात. त्याबरोबर एचईआरव्ही-एल हे प्राचीन विषाणूंचे अवशेषही बोलू लागतात. आपल्या जनुकसंचाचा सुमारे आठ टक्के भाग अशा विषाणूंच्या अवशेषांचा आहे. कोट्यवधी वर्षांपूर्वी पूर्वजांच्या जननपेशींत शिरलेल्या या विषाणूंचे काही तुकडे आज भ्रूणाच्या जनुकांना चालू करणारी स्थळे म्हणून वापरले जातात. हा दुवा पेशींवरच्या प्रयोगांतून स्पष्ट झाला.

भ्रूणपक्ष : या कथेची दुसरी बाजूही सांगायला हवी. हेच डक्स-४ प्रौढ माणसाच्या स्नायूंत चुकून चालू झाले तर चेहरा, खांदे आणि दंड यांचे स्नायू क्षीण करणारा आनुवंशिक विकार होतो. म्हणजे पेशीत हे जनुक चालू केल्यावर काय होते, यावरून भ्रूणात त्याचे खरे काम काय हे ठरत नाही. उंदरातील समकक्ष डक्स जनुक २०१९ मध्ये पूर्ण काढून टाकले गेले. तेव्हा प्रती निघण्यात काही उणिवा राहिल्या, पण त्या जनुकाविना पिल्ले जन्मली आणि वाढली. जो आदेश अत्यावश्यक मानला होता तो नसतानाही काम झाले.

पेशीपक्ष : त्याचा अर्थ डक्स-४ चुकीचे असा होत नाही. आदेश देणारे एकाहून अधिक असू शकतात. २०२२ मध्ये 'सायन्स'मध्ये आलेल्या चिनी गटाच्या अभ्यासात, मानवी भ्रूणात कोणत्या आरएनए प्रतींवरून प्रत्यक्ष प्रथिने बनत आहेत ते मोजले गेले. त्यात टीपीआरएक्स गटातील जनुके पुढे आली. त्यांचे काम दडपल्यावर मानवी भ्रूणांतील अनेक जनुकांच्या प्रती नीट निघाल्या नाहीत आणि वाढ अडखळली. दुसऱ्या वर्षी उंदरात ओबॉक्स गटाची जनुके अशाच भूमिकेत सापडली.

भ्रूणपक्ष : आणि तो निकाल लागला तो मानवी भ्रूणांत जनुके दडपून पाहिल्यावर. उमेदवार कुठूनही येवोत, परीक्षा भ्रूणातच होते.

मूलपेशी कोणत्या दिवसाच्या

पेशीपक्ष : परीक्षा घ्यायची तर उमेदवार पुरवणारे कोणीतरी हवे. मार्टिन इव्हान्स आणि मॅथ्यू कॉफमन यांनी, तसेच स्वतंत्रपणे गेल मार्टिन यांनी १९८१ मध्ये उंदराच्या भ्रूणापासून मूलपेशी वाढवल्या. मानवी मूलपेशी १९९८ मध्ये अमेरिकेत जेम्स थॉमसन यांनी वाढवल्या. २००६ मध्ये काझुतोशी ताकाहाशी आणि शिन्या यामानाका यांनी उंदराच्या त्वचेतील पेशींत केवळ चार जनुके चालू करून त्यांना मूलपेशींसारखे बनवले. पुढच्या वर्षी मानवी पेशींतही ते साधले. यामानाका यांना २०१२ चे नोबेल मिळाले. भ्रूण न वापरता मूलपेशी मिळू लागल्या आणि एकच प्रयोग हजारदा करण्याची सोय झाली.

भारतातही ही वाट धरली गेली. परळच्या ज्या संस्थेत आनंद कुमार होते, तिचीच पुढची राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्था. तिथे काइंड-१ आणि काइंड-२ या मानवी भ्रूण-मूलपेशींच्या वंशावळी तयार झाल्या. बंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रात मनीषा इनामदार यांच्या गटाने उपचारासाठी अयोग्य ठरलेल्या भ्रूणांपासून दोन भावंड-वंशावळी मिळवल्या. दोन्ही कामे २००९ मध्ये प्रसिद्ध झाली.

भ्रूणपक्ष : त्या मूलपेशी भ्रूणाच्या नेमक्या कोणत्या दिवसाचे प्रतिनिधित्व करतात, हा माझा प्रश्न आहे. त्या पाचव्या-सहाव्या दिवसाच्या ब्लास्टोसिस्टच्या आतील पेशीपुंजातून काढल्या जातात. तबकडीत वाढवताना मात्र त्या पुढे सरकतात आणि गर्भाशयात रुजल्यानंतरच्या पेशींसारख्या वागू लागतात. शुद्ध अर्थाने रुजण्यापूर्वीच्या अवस्थेतील मानवी मूलपेशी स्थिरपणे वाढवता आल्या त्या २०१४ मध्ये. म्हणजे सोळा वर्षे ज्या पेशींना कोवळ्या भ्रूणाचा आरसा मानले गेले, त्या काही दिवस पुढच्या होत्या. त्यातून स्त्रीलिंगी मूलपेशींत दोन एक्स गुणसूत्रांपैकी एक बहुधा बंद झालेले असते. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेत फ्रेड्रिक लॅनर यांच्या गटाने २०१६ मध्ये ८८ मानवी भ्रूणांतील १,५२९ पेशी तपासल्या. त्यांतील स्त्रीलिंगी पेशींत दोन्ही एक्स चालू होते आणि दोन्हींचा आवाज हळूहळू कमी केला जात होता. मूलपेशींवरून हे सुचलेही नसते.

पेशीपक्ष : चुकीच्या दिवसाची पेशी मागे नेता येते का, याचे उत्तर २०२२ मध्ये मिळाले. ग्वांगझूमधील मिगेल एस्टेबान यांचा गट आणि केंब्रिजमधील वुल्फ राइक यांचा गट यांनी मूलपेशींच्या संवर्धनात आठ पेशींच्या भ्रूणासारखी जनुके चालवणाऱ्या पेशी दाखवून दिल्या. नैसर्गिकपणे त्या अगदी थोड्या असतात. योग्य रसायने दिली की त्यांचे प्रमाण वाढवता येते. कोलकात्यात १९७८ मध्ये ज्या टप्प्याचे भ्रूण गोठवले गेले, त्या टप्प्याची जनुके आज भ्रूणाविना तपासता येतात.

भ्रूणपक्ष : त्या टप्प्यासारखी जनुके, असे म्हणावे. आठ पेशींचे भ्रूण शिदोरी संपवत तिथे पोहोचते. या पेशी उलट दिशेने, रुजण्यापूर्वीच्या अवस्थेतून मागे येत तिथे पोहोचतात. दोघींच्या आरएनएच्या याद्या जुळल्या तरी त्यांच्यामागचा प्रवास वेगळा आहे.

ऑक्ट-४ ची साक्ष

मूलपेशींची ओळख पटवणारे सर्वांत परिचित जनुक म्हणजे ऑक्ट-४. मूलपेशींतून ते काढले तर त्या मूलपेशी राहत नाहीत, वेगळ्या पेशी बनू लागतात. उंदराच्या भ्रूणातून ते काढले तर ब्लास्टोसिस्ट तयार होते, पण आतील पेशीपुंज आपली ओळख गमावतो. २०१६ मध्ये ब्रिटनच्या नियामक प्राधिकरणाची परवानगी घेऊन लंडनच्या फ्रान्सिस क्रिक संस्थेत कॅथी नियाकान यांच्या गटाने मानवी भ्रूणात क्रिस्पर तंत्राने हे जनुक निकामी केले. निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. बहुतेक भ्रूणे ब्लास्टोसिस्टपर्यंत नीट पोहोचली नाहीत आणि पुढे वार बनवणाऱ्या बाहेरच्या थरातील जनुकांवरही परिणाम दिसला. ऑक्ट-४ मानवी भ्रूणात इतक्या लवकर आणि इतक्या व्यापकपणे लागते, हे ना उंदराने सांगितले होते, ना मूलपेशीने.

भ्रूणपक्ष याला आपल्या बाजूचा निर्णायक पुरावा मानतो. पेशीपक्ष त्याच प्रयोगातील तयारीकडे बोट दाखवतो : मोजकी भ्रूणे खर्ची घालण्यापूर्वी जनुकावर नेमका घाव घालणारे साधन मूलपेशींवर पारखून घेतलेले होते. दोन्ही विधाने एकाच शोधनिबंधाला धरून आहेत.

चौदा दिवसांची मर्यादा

भ्रूणपक्ष : भ्रूणांवर काम करण्याला नैतिक मर्यादा आहेत आणि त्या हव्यातच. ब्रिटनमधील वॉर्नॉक समितीने १९८४ मध्ये चौदा दिवसांची सीमा सुचवली. त्या सुमारास भ्रूणात शरीराच्या अक्षाची पहिली रेषा उमटते. भारतात आयसीएमआर आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार फलनानंतर चौदा दिवस किंवा ती रेषा उमटणे, यांतील जे आधी घडेल त्यापुढे मानवी भ्रूण प्रयोगशाळेत वाढवता येत नाही. २०२१ च्या सहायक प्रजनन तंत्रज्ञान कायद्यानुसार गोठवलेले भ्रूण दहा वर्षांपर्यंत ठेवता येते. त्यानंतर ते नष्ट होऊ द्यायचे किंवा जोडप्याच्या संमतीने नोंदणीकृत संशोधन संस्थेला द्यायचे. आठ पेशींचा टप्पा या सीमेच्या कितीतरी आत येतो. म्हणून जनुके कामाला लागण्याच्या अभ्यासात खरा अडसर चौदा दिवसांचा नाही. तो दान मिळालेल्या भ्रूणांच्या तुटवड्याचा आहे.

पेशीपक्ष : तुटवडा आहे म्हणूनच पर्याय महत्त्वाचे ठरतात. २०२१ मध्ये टेक्सास आणि मेलबर्न येथील गटांनी मानवी मूलपेशी आणि पुनर्रचित त्वचापेशींपासून ब्लास्टोसिस्टसारख्या रचना तयार केल्या. त्यांत आतला पेशीपुंज आणि बाहेरचा थर असे दोन्ही भाग असतात. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय मूलपेशी संशोधन संघटनेने अशा रचना गर्भाशयात सोडण्यास मनाई केली. कोणाच्या गर्भाशयात न जाणाऱ्या या रचनांवर, भ्रूणांवर कधीच करता येणार नाहीत इतके प्रयोग करता येतात.

भ्रूणपक्ष : त्या रचना भ्रूणाशी कितपत जुळतात हे तपासण्याचे माप पुन्हा भ्रूणच असते. तुलनेसाठी खऱ्या ब्लास्टोसिस्टची आरएनए-नोंद हाती नसेल, तर रचना यशस्वी झाली हे कशावरून म्हणणार?

पुरेसे आणि आवश्यक

दोन्ही पक्षांच्या पुराव्यांची मांडणी केली की मतभेदाचे मूळ दिसते. मूलपेशीत एखादे जनुक चालू केले आणि आठ पेशींच्या भ्रूणाची जनुके त्यामागून कामाला लागली, तर एवढेच सिद्ध होते की ते जनुक हे काम करण्यास पुरेसे आहे. भ्रूणातून ते जनुक काढले आणि वाढ थांबली, तर ते आवश्यक असल्याचे सिद्ध होते. डक्स-४ पेशीत पुरेसे ठरले; उंदरातील त्याचा समकक्ष मात्र आवश्यक ठरला नाही. टीपीआरएक्स गट आणि ऑक्ट-४ मानवी भ्रूणातही आवश्यक ठरले. पुरेसेपणाचा शोध मूलपेशींत स्वस्त आणि जलद होतो, आवश्यकतेचा निवाडा भ्रूणाशिवाय होत नाही. एका प्रकारच्या पुराव्याने दुसऱ्या प्रकारचा प्रश्न सोडवायला गेले की वाद लांबतो.

दुर्गाच्या जन्माचा पुरावा या दोन्हींहून वेगळ्या, तिसऱ्या प्रकारचा होता. गोठवून वितळवलेले आठ पेशींचे भ्रूण पुढे वाढू शकते, ही शक्यता त्याने सिद्ध केली. त्यामागची कारणे सांगणे त्याच्या आवाक्यात नव्हते आणि तसा दावाही नव्हता. समितीने जन्माच्या पुराव्याकडून प्रक्रियेच्या पुराव्याची अपेक्षा केली आणि प्रक्रियेची नोंद तपासायचे काम १९९७ पर्यंत राहून गेले.

व्यवहारात या दोन वाटा आता एकाच क्रमात बसल्या आहेत. एकेका पेशीच्या आरएनए-नोंदींतून भ्रूणातील संशयित जनुके निवडली जातात. मूलपेशींत आणि आठ पेशींसारख्या पेशींत त्यांची छाननी होते. त्यातून उरलेल्या मोजक्या जनुकांची परीक्षा दान मिळालेल्या भ्रूणांवर घेतली जाते. उपचारांत फलित झालेल्या स्त्रीबीजांपैकी सुमारे निम्मी ब्लास्टोसिस्टपर्यंत पोहोचत नाहीत. अनेकांच्या बाबतीत गुणसूत्रांच्या संख्येतील दोष हे कारण असते. काही भ्रूणे मात्र शिदोरी संपण्याच्या आणि स्वतःची जनुके कामाला लागण्याच्या ऐन संधीवर थांबतात. ती शिदोरी अपुरी पडल्याने थांबली, जुन्या प्रती वेळेवर नष्ट न झाल्याने थांबली की आदेश देणारी जनुके चालू न झाल्याने, हे वेगळे करून सांगता आले, तर त्या जोडप्यांना पुढचा उपचार सुचवताना डॉक्टरांच्या हाती अंदाजापलीकडचे काही असेल.